आगले बंद्रा?

बंगळूरच्या बनशंकरी भागाला स्टेज आहेत. फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज, थर्ड स्टेज करत मोजणी पार सिक्स्थ स्टेजपर्यंत जाते. वसाहत टप्प्याटप्प्यानं वसत गेली, म्हणून टप्प्यांना आकडे पडले. तिथल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण 'तो आता थर्ड स्टेजला आहे' हे वाक्य ज्यानं तासगावात बसून फोनवर ऐकलं, त्याच्या पायाखालची वाळू सरकते. आमच्या काकांच्या मुलानं नोकरीसाठी तिकडे घर बदललं आणि काकूंनी ही आनंदाची बातमी एका आत्याला अशी दिली : "अगं, आधी सेकंडला होता, आता थर्डला गेला. आता काही हलायचं नाही म्हणतो." आत्यांनी फोन ठेवला आणि डोळ्याला पदर लावला. संध्याकाळपर्यंत कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'फार लवकर रे', 'वय तरी काय त्याचं' असे निरोप पडायला लागले. एका उत्साही जावईबापूंनी तर जोडलेले हात आणि पणती टाकून 'भावपूर्ण' एवढं लिहूनही ठेवलं. ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो ऑफिसात डबा खात होता. त्यानं सवयीनं खाली अंगठा टाकला.

जावईबापूंना हसू नये. देशाच्या संसदेनं हेच केलेलं आहे. २२ मार्च १९७९ या दिवशी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत जयप्रकाश नारायण यांचं निधन झाल्याचं जाहीर केलं. जयप्रकाशजी तेव्हा मुंबईत जसलोक रुग्णालयात होते. आजारी होते, पण होते. सभागृहात श्रद्धांजली वाहून झाली, कामकाज तहकूब झालं, आकाशवाणीनं बातमी दिली, आणि मग खुलासा आला. लोकसभेचे अध्यक्ष त्या वेळी के. एस. हेगडे होते, म्हणजे कर्नाटकातलेच. जयप्रकाशजी त्यानंतर साडेसहा महिने जगले आणि ८ ऑक्टोबरला पाटण्यात गेले. ज्या भाषणांना त्यांनी आधीच एकदा हजेरी लावली होती, ती भाषणं देशाला पुन्हा करावी लागली. आपल्याबद्दल लोक मागे काय बोलतील ही उत्सुकता प्रत्येकाला असते. ती हयातीत भागवून घेण्याचं भाग्य फार थोड्यांना मिळतं.

या प्रकाराला काय म्हणायचं? अकाली श्रद्धांजली म्हणावं तर 'अकाली' हा शब्द आपण दोनच ठिकाणी राखून ठेवलाय, निधनाला आणि पांढऱ्या केसांना. मराठीत 'फार लवकर'साठी शब्दांचा तोटा नाही, पण प्रत्येकाचं खातं वेगळं. पाऊस अवकाळी. पाहुणा अवेळी. निवडणूक मुदतपूर्व. जामीन अटकपूर्व. बाळ अपुऱ्या दिवसांचं. ही खाती आपसात बदलता येत नाहीत. 'मुदतपूर्व निधन' असं लिहिलं तर विमा कंपनीनं पत्र पाठवल्यासारखं वाटतं, आणि पाहुण्याला अवकाळी म्हटलं तर तो कोसळून नुकसान करून जाणार असं वाटतं. (काही पाहुण्यांच्या बाबतीत ही अदलाबदल करायला माझी हरकत नाही.)

बाळांच्या बाबतीत डॉक्टरांचा हिशेब स्वच्छ आहे : सदतीस आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलं तर ते अपुऱ्या दिवसांचं. आज्यांचा हिशेब निराळा. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या छातीठोकपणे सांगितलं गेलं. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा धडधाकट असतं, हे सांगून डॉक्टर थकले. आजीच्या मते सातव्यात येणारा बाळकृष्ण धाडसी, आठव्यात येणारा नुसताच धरसोड वृत्तीचा. यायचं तर नीट आगाऊपणानं तरी यावं.

आगाऊ! खरा मराठी शब्द हा. पुढे पाऊल टाकून आलेला तो आगाऊ. पैसा आगाऊ असला की त्याच्याइतकं गुणी कोणी नाही. आगाऊ रक्कम, आगाऊ नोंदणी, आगाऊ पगार. माणूस आगाऊ झाला की मात्र कानाखाली वाजवावीशी वाटते. चौथीतल्या पोरानं सातवीचं गणित सोडवलं तर शेजारीण कौतुकानं 'हुशार आहे हो' म्हणते आणि दार लागल्यावर 'आगाऊ आहे जरा' म्हणते. पैशाला जो गुण, माणसाला तोच दुर्गुण, अशी सोय दुसऱ्या एखाद्या शब्दात क्वचितच सापडेल.

बंगळूरनं यातला पैशाचा अर्थ तेवढा उचलला आणि तो कळसाला नेला. तिथे घर भाड्यानं घेताना अनामत रक्कम मागत नाहीत, 'ॲडव्हान्स' मागतात, आणि तो परंपरेनं दहा महिन्यांच्या भाड्याएवढा असतो. केंद्रानं २०२१ साली आदर्श भाडेकरू कायदा करून राज्यांपुढे ठेवला, त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावी असं म्हटलंय. घरमालकांनी तो मसुदा आदर्श म्हणूनच घेतला. आदर्श दुरून वंदन करायला असतात. पुण्याहून गेलेला तरुण 'दहा' ऐकतो तेव्हा त्याला वाटतं मालक तारीख सांगतायत. "दहा महिन्यांचं?" "हौदु." मग तो मराठीत जे पुटपुटतो त्यात 'आगाऊ' हा शब्द त्याच्या दुसऱ्या अर्थानं येतो.

आता काका. काका तासगावचे, जिल्हा परिषदेत होते. त्यांच्या आयुष्यात लवकर घडण्याची सुरुवात शाळेच्या दाखल्यापासून झाली. त्यांची जन्मतारीख एक जून आहे. त्यांच्या वर्गातल्या बहुतेकांची एक जून आहे. महाराष्ट्रात एका पिढीचा जन्म एकगठ्ठा एक जूनला झाला, कारण जूनमध्ये शाळा भरायची, आईबाप पोराला आणून मास्तरांच्या पुढ्यात उभं करायचे, आणि मास्तर दातांकडे बघून वर्ष ठरवायचे व तारीख स्वतःच्या सोयीनं घालायचे. आजीच्या सांगण्यानुसार काका 'पोळ्याच्या आसपास, मोठा पूर आला त्या साली' झाले. म्हणजे कागदावर ते पोटात असतानाच जन्माला आले होते. हे महिने त्यांना लहानपणी कुणी विचारले नाहीत, पण सरकारनं बरोबर वसूल केले. त्यातून नियम असा की, महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे महाराष्ट्रात दर ३१ मे रोजी कचेऱ्याच्या कचेऱ्या नारळ घेऊन घरी जातात. त्या दिवशी शालींचा तुटवडा पडत असला पाहिजे.

नारळ घेऊन काका मुलाकडे बनशंकरीला आले, आणि तिथे त्यांना खरा धक्का बसला. शेजारचे गृहस्थ त्यांच्याच वयाचे, त्यांच्यासारखेच राज्य सरकारी, आणि रोज सकाळी डबा घेऊन ऑफिसला निघालेले. कर्नाटकात निवृत्तीचं वय साठ. महाराष्ट्रात, शिपाईवर्ग सोडला तर, अठ्ठावन्न. म्हणजे मिरजेच्या पुढे सीमा ओलांडली की माणूस दोन वर्षांनी तरुण होतो, हे काकांना कुणी सांगितलंच नव्हतं. सीमाप्रश्नावर त्यांची जी ठाम मतं होती, ती त्या दिवसापासून थोडी गुंतागुंतीची झाली आहेत.

काकांचा स्वभाव मुळात घड्याळाच्या पुढचा. लग्नाला जायचं तर आचाऱ्याच्या आधी. बँक उघडायची तर शिपायाच्या आधी. अशा माणसाला बंगळूरच्या एका गृहप्रवेशाचं आमंत्रण आलं. तिकडे गृहप्रवेश पहाटे करतात. घराला खिडक्या बसलेल्या नसतात, नळाला पाणी नसतं, जिन्याला कठडा नसतो, पण मुहूर्त चांगला सापडला की दूध उतू घालून घर वापरात आलं असं जाहीर होतं. खरं राहायला लोक त्यानंतर सावकाश जातात. शेजाऱ्यांनी काकांना आमंत्रण देताना 'बेग बन्नी' म्हटलं. कन्नडमधला 'बेग' आपल्या 'वेग'चा भाऊ, आणि आपल्या 'लवकर'सारखाच दुटप्पी. त्याचा अर्थ घाईनं असाही होतो आणि वेळेआधी असाही होतो. 'लवकर या' म्हणणाऱ्या यजमानाला पुष्कळदा 'उशीर करू नका' एवढंच म्हणायचं असतं. काकांनी त्याचे दोन्ही अर्थ एकदम पाळले. ते पहाटे अंधारात, धावतपळत, गायीच्याही आधी पोहोचले.

यजमानीण बाई रांगोळीचा डबा हातात घेऊन दारात उभी होती. केसांना टॉवेल गुंडाळलेला. तिनं काकांना बघितलं आणि म्हणाली, "आगले बंद्रा?"

काका मुंबईत काही वर्षं काढून आलेले. लोकलमधली ती हिंदी बाई त्यांच्या कानात अजून बसलेली आहे, अगला स्टेशन बांद्रा. त्यांनी अत्यंत नम्रपणे सांगितलं, "नाही, मी तासगावचा."

'आगले बंद्रा' म्हणजे 'एवढ्यात आलात?' हे त्यांना नंतर मुलानं समजावलं. वरकरणी हा प्रश्न आहे. पण तो ज्या तोंडानं विचारला जातो, त्या तोंडाकडे नीट बघावं. विचारणाऱ्याच्या केसांना नेहमी टॉवेल असतो. हात पिठाचे असतात. सतरंजी अर्धीच उलगडलेली असते. 'लवकर आलात' असं म्हणणारा माणूस तयार नसतो, एवढीच खरी बातमी त्या वाक्यात असते. येणाऱ्याच्या वेळेबद्दल त्यात काहीही नसतं. काका आपल्या हिशेबानं कधीच लवकर पोहोचत नाहीत. ते पोहोचतात आणि जग मागे पडलेलं दिसतं.

हा नियम एकदा हातात आला की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. बँकेत ठेव मुदतीआधी मोडली की व्याज कापतात. पैसा आपला, गरज आपली, वेळही आपली. तयार नसते ती बँक. निवडणुकांचं तर याहून मजेदार. मुदतपूर्व निवडणूक घेतो तो सत्ताधारी, आणि घेतो अशासाठी की विरोधकांच्या केसांना टॉवेल आहे तोवर उरकून घ्यावं. महाराष्ट्रात १९९९ साली शिवसेना-भाजप युतीनं विधानसभा सहा महिने आधी बरखास्त केली आणि मतदान लोकसभेबरोबर घेतलं. हिशेब बिनचूक होता. काँग्रेस नुकतीच फुटली होती, १० जूनला शरद पवारांचा राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष निघाला होता, समोरच्या घरात नुसता पसारा. निकाल लागला आणि पसारा करणाऱ्या दोघांनी मिळून सरकार केलं. विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले, आणि युतीला पंधरा वर्षं बाहेर थांबावं लागलं. पाच वर्षांनी वाजपेयींनी दिल्लीत लोकसभेची निवडणूक अलीकडे ओढली आणि बंगळुरात एस. एम. कृष्णांनी विधानसभेची. पक्ष वेगवेगळे, हौस तीच. दोघांचीही खुर्ची गेली. उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग असतं हे आपण ऐकून होतो. मतदार ते बाशिंग सोडून दुसऱ्याच्या कपाळाला बांधतो, हे या मंडळींनी दाखवून दिलं.

पावसाचं घ्या. मार्च-एप्रिलमध्ये पाऊस आला की तासगावात छातीत धडधडतं. काकांच्या भावाची तिथे द्राक्षबाग आहे. शेडवर बेदाणा वाळत टाकलेला असतो, त्याला पाणी लागलं की रंग गेला, रंग गेला की भाव गेला. तिथे त्या पावसाचं नाव अवकाळी. उच्चारातच शिवी आहे. तोच पाऊस, त्याच सुमाराचा, कोडगू आणि चिक्कमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांवर पडला की मळेवाले हात जोडतात, कारण त्या सरींशिवाय कॉफीची कळी उमलत नाही. पाऊस पडून गेला की आठदहा दिवसांत सगळा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो. तिकडे त्या सरींना 'ब्लॉसम शॉवर' म्हणतात, फुलोऱ्याची सर. आंब्याच्या नावानं त्यांना आम्रसरी म्हणायचं, असं आपणही भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलं होतं. गारांनी मोहोर झडल्यावर बागवाला तोंडातून आम्रसरी हा शब्द काढेल तर शपथ. काका एप्रिलमध्ये बनशंकरीच्या गॅलरीत पाऊस बघत बसतात तेव्हा त्यांची पंचाईत होते. हवा गार झाली म्हणून बरं वाटतं आणि भावाला फोन करायची भीती वाटते.

बंगळूरच्या झाडांनाही या बाबतीत काही विचारण्यात अर्थ नाही. लालबागचे अधीक्षक गुस्ताव क्रुम्बिगेल हे जर्मन गृहस्थ होते. हिंदुस्थानात त्यांना आणलं आपल्या सयाजीराव गायकवाडांनी, बडोद्याच्या बागांसाठी. तिथून ते पुढे म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगळूरच्या रस्त्यांना त्यांनी झाडं अशी निवडून लावली की एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा. त्यामुळे तिथे वर्षभर कुठलं ना कुठलं झाड फुललेलं असतं, आणि अमुक फूल लवकर आलं अशी तक्रार करायला जागाच राहत नाही. काका तरीही करतात. त्या गुलाबी तबेबुयाकडे बघून दर वर्षी म्हणतात, "इतक्यातच?"

लवकर निघण्याबद्दल मात्र बंगळूरनं काकांना गुरू मानायला हवं होतं. बनशंकरी शहराच्या दक्षिण टोकाला, विमानतळ उत्तरेला देवनहळ्ळीला. २००८ साली तो तिकडे गेला तेव्हापासून दक्षिण बंगळूरचा माणूस विमानाला निघतो की यात्रेला, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. चाळीस किलोमीटरांहून जास्त अंतर, त्यात मधे सगळं शहर. त्या गावात वेळेवर पोहोचण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे वेळेच्या खूप आधी निघणं. आणि एखाद्या दिवशी रस्ता मोकळा मिळाला की माणूस काउंटर उघडायच्या आधी तिथे उभा. काकांनी उद्यान एक्स्प्रेसवर निष्ठा ठेवली आहे, ती त्यामुळेच. रेल्वेलाही काकांचा स्वभाव परवडत नाही. गाडी चुकून 'बिफोर' आली तर तिला आत घेत नाहीत, आउटरला उभी करतात. डब्यातली मंडळी सामान दाराशी ओढून उभी असतात, समोर स्टेशन दिसत असतं, आणि वेळेआधी आल्याची शिक्षा म्हणून गाडी उशिरा पोहोचते. फलाटाच्या केसांना टॉवेल.

आणि या सगळ्याच्या मधोमध, कनकपुरा रोडवर, ते देऊळ. बनशंकरी हे नाव भागाला देवळावरून पडलं. मूळ ठाणं बदामीचं. तीच शाकंभरी, महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांचं कुलदैवत, काकांचंही. दुष्काळात माणसं तडफडायला लागली तेव्हा देवीनं स्वतःच्या अंगातून भाज्या उगवून त्यांना जगवलं, अशी कथा. पाऊस वेळेवर आला नाही म्हणून जी आली ती ही देवी. तिचं नवरात्र पौषात, ज्या महिन्याला आपण भाकड म्हणून लग्नाची बोलणीसुद्धा पुढे ढकलतो. बंगाल्यांची गोष्ट याहून पुढची आहे. रामानं युद्धाआधी दुर्गेला तिच्या नेहमीच्या वसंतातल्या वेळेला सोडून शरदात जागं केलं, म्हणून त्यांच्या सगळ्यात मोठ्या पूजेचं एक नावच 'अकालबोधन'. अवेळी उठवलं म्हणून देवी रागावली नाही. माणसाला दुपारी चार वाजता उठवून बघा.

बंगळूरच्या बनशंकरीची ख्याती राहुकाळाची आहे. दिवसाचा आठवा हिस्सा, साधारण दीड तास, रोज वेगळ्या वेळी येणारा. त्यात शुभ काही करू नये, प्रवासाला निघू नये, सही करू नये. काका दाते पंचांगावर वाढलेले. सोलापूरचं छापलेलं ते पुस्तक त्यांच्या उशाशी असतं, आणि राहुकाळात ते दाढीसुद्धा करत नाहीत. या देवळात मात्र भक्त राहुकाळ साधून येतात. मंगळवारी दुपारी तीन ते साडेचार, शुक्रवारी साडेदहा ते बारा, रविवारी साडेचार ते सहा. बायका लिंबं अर्धी कापतात, रस पिळून टाकतात, साल उलटी करून तिची वाटी करतात, तीत तूप आणि वात घालून दिवा लावतात. शुक्रवारी सकाळी त्या आवारात तूप, धूर आणि लिंबाच्या सालीचा जो मिश्र वास असतो, तो आधी कुठे घेतलेला नसतो आणि पुढे विसरता येत नाही.

काकांनी कुलदेवतेला जायचं ठरवलं तेव्हा पंचांग उघडलं. शुक्रवार, राहुकाळ साडेदहाला लागतो, म्हणून ते दहाच्या आत पोहोचले. चांगली वेळ, शास्त्राला धरून. दारातल्या लिंबंवाल्या बाईनं त्यांच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं, आणि म्हणाली, "इन्नू टाइम इदे." अजून वेळ आहे. शुभ वेळेला आलेला माणूस तिथे वेळेआधी आलेला ठरला. काका चपलांच्या स्टँडपाशी, हातात लिंबांची पिशवी घेऊन, जन्मात पहिल्यांदा राहुकाळ लागायची वाट बघत उभे राहिले. काकूंचं म्हणणं, निवृत्तीनंतर इतका वेळ ते एका जागी गप्प उभे राहिलेले त्यांनी पाहिले नव्हते.

देवळातून परतताना मेट्रोत बसलं की काका हमखास इतिहासात शिरतात. हिरवी मार्गिका, स्टेशनचं नाव बनशंकरीच; २०१७ च्या जूनमध्ये सुरू झालं. डब्यात मराठी कळणारा कोणी नाही अशी खात्री झाली की ते मुलाला म्हणतात, "हे सगळं आपलं होतं." त्यात खोटं काही नाही. विजापूरच्या आदिलशाहीनं १६३८ साली बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. शिवाजी महाराजांच्या लहानपणातला काही काळ इथे गेला. पुढे जहागीर धाकटे भाऊ व्यंकोजीराजे, म्हणजे एकोजी, यांच्याकडे आली. त्यांनी तंजावर जिंकलं, तिकडेच राज्य मांडलं, आणि इतक्या लांबचं बंगळूर सांभाळणं अवघड झालं म्हणून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना विकायला काढलं.

"थांबायचं होतं रे जरा," काका म्हणतात. "आयटी यायची होती अजून."

"तीनशे वर्षं थांबायचं होतं, बाबा?" मुलगा विचारतो.

"मोठ्या जागेच्या व्यवहारात घाई करू नये."

घाई तर झालीच, पण ती एकोजीराजांना पुरली नाही. सौदा ठरला, पण ताबा द्यायच्या आतच जुलै १६८७ मध्ये औरंगजेबाचा सरदार कासिम खान येऊन बंगळूर घेऊन बसला. त्यानंही ते ठेवलं नाही. ठरलेल्याच किमतीला त्यानं ते चिक्कदेवराजांच्या हवाली केलं. किंमत होती तीन लाख रुपये. बनशंकरीत आज तीस हजार भाड्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला तर दहा महिन्यांचा ॲडव्हान्स बरोबर तेवढाच होतो. आणि तो घर सोडताना परत मिळतो, रंगाचे पैसे कापून.